तेलाचं बोट

भोईर सरांना स्क्रीनवर बोट टेकवल्याशिवाय काही दाखवताच येत नसे. डोक्याला चपचपीत खोबरेल तेल. विचार करताना बोट केसांत खुपसायचं आणि मग तेच बोट कॉम्प्युटरच्या काचेवर. संध्याकाळपर्यंत काचेवर तेलाचे दहाबारा ठसे उमटत. ते पुसताना मला शिसारी यायची. तेव्हा ती फक्त तेलाची होती.

वळ गावातल्या एका गोदामात ते कॉम्प्युटर सांभाळायचे. मी सकाळी कॉलेज करून दुपारी एकला तिथे कामाला जायचे. माझे वडील कापडाच्या लूमवर कामाला, घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. लॉग म्हणजे काय हेही मला ठाऊक नव्हतं. सरांनी न हसता समजावलं, की कोण कधी आलं, कोणी काय बदललं, कोणतं मशीन बंद पडलं, हे सगळं यंत्र स्वतःच ओळीओळीने लिहून ठेवतं. दिवसाला हजारो ओळी. मी वरपासून वाचत बसले, तेव्हा म्हणाले, "सगलं वाचशील तं म्हातारी व्हशील, पोरी. चाळण लाव." फिल्टरला ते चाळण म्हणत. नाव टाकायचं, वेळ टाकायची, हवं तेवढंच उरतं. कॉलेजात वर्षभर न कळलेलं त्यांनी दोन दुपारींत शिकवलं. घरी कॉम्प्युटर नाही म्हटल्यावर स्वतःचा जुना लॅपटॉप दिला. ते मी विसरलेले नाही.

एकदा एका ट्रकच्या सगळ्या मालाची नोंद कोणीतरी कॉम्प्युटरमधून काढून टाकली. मॅनेजरने नाव मागितलं. सरांनी मला बसवलं. मी चाळण लावली : त्या दिवसाची दुपार, काढून टाकलेल्या नोंदी. एकच ओळ उरली. तीन वाजून वीस मिनिटं, शबाना.

शबाना आपा माल उतरवायच्या दारावर स्कॅनिंग करायच्या. त्यांची शिफ्ट तीनला सुटायची. दारावरचा कॉम्प्युटर जुना, पुन्हा लॉगिन करायला दहा मिनिटं जायची, म्हणून शिफ्ट बदलताना कोणीच लॉगआउट करत नसे. पुढच्या शिफ्टची माणसं आधीच्याच नावावर काम करत. हे सगळ्यांना माहीत होतं, मॅनेजरलाही. मी चाळण काढली. काही ओळी वर गेटच्या कार्डाची नोंद होती. तीन वाजून पाच, शबाना, बाहेर. सरांचं बोट त्या ओळीवर आलं, थांबलं आणि खाली सरकलं.

मी चाचरत म्हणाले, "सर, त्या तर घरी गेल्या होत्या."

"गेली व्हती. मग काय दुसऱ्या शिफ्टच्या चौघांना बोलवू? चौघं चार गोष्टी सांगतील. त्यांनी नाव मागलंय. नाव हाय."

त्यांनी तेवढी एक ओळ छापून वर पाठवली. दुसऱ्या दिवशी आपांना काढलं. डबा हातात घेऊनच त्या आमच्या खोलीत आल्या. "भोईर दादा, मी तेव्हा रिक्षात होते. मशीनला विचारा ना."

"मशीननंच सांगितलंय," सर म्हणाले. आपांनी माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डकडे पाहिलं.

ते मला दोन दिवस खात राहिलं. तिसऱ्या दिवशी दोन्ही ओळी असलेलं पूर्ण पान छापून मी मॅनेजरकडे गेले. सरांनी तपासलंय ना, एवढंच विचारून त्यांनी कागद परत दिला. सरांच्या कानावर ते लगेच गेलं. मला वाटलं, चिडतील. त्यांनी रोजच्यासारखा अर्धा वडापाव माझ्यापुढे सरकवला. "राग न्हाय मला. चाळण लावायची इसरलीस, यवढंच." तो वडापाव मी तसाच कागदात गुंडाळून ठेवला. चिडले असते तर बरं झालं असतं.

पुढे त्यांना कशेळीच्या गोदामात बढती मिळाली. निरोपाला हार, पेढे. विद्यार्थिनी म्हणून मला दोन शब्द बोलायला उभं केलं. समोर मॅनेजर होते, दारावर आपांच्या जागी आलेली नवी बाई होती. मी म्हणाले, "सरांनी मला लॉग वाचायला शिकवलं. त्यांनी मला लॅपटॉप दिला." आणि खाली बसले. टाळ्या वाजल्या. दोन्ही ओळी खऱ्या होत्या. बाकीच्या मी गाळल्या होत्या, अगदी त्यांनी शिकवलं तशा.

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. घरी गेल्यावर मी आधी केस धुतले. मग पुन्हा एकदा धुतले.