साखळी प्रार्थनेत माझा नंबर

आमच्या घरात प्रार्थना म्हणजे कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधलं काम. आई चहाच्या कपावर प्रार्थना करते, बदनापूरची गाडी धरायच्या आधी करते, नवा झाडू आणला तर झाडूवरही करते. मी ब्लाऊज शिवते. गिऱ्हाइकाचं महागाचं कापड कापायच्या आधी कात्री हातात धरून मी डोळे मिटते, आणि याची मला कधी लाज वाटली नाही.

परतूरमध्ये आम्ही ख्रिस्ती घरं मोजकीच. आमचे पाळक जालन्याहून महिन्यातून एकदा येतात. एरवी दर गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी आम्हीच जमतो, गाणी म्हणतो, प्रार्थना करतो, पोहे खातो आणि एकमेकांच्या सुनांची चौकशी करतो. बरं चाललं होतं. मागच्या दिवाळीच्या सुमारास बाहेरगावचे एक प्रचारक आमच्यात येऊ लागले. पांढरी पँट, सोनेरी काड्यांचा चष्मा आणि चार बाय चारच्या खोलीत बोलायलाही माइक. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "तुमची प्रार्थना थंड आहे. तिच्यात सामर्थ्य नाही."

माझं डोकं तिथंच फिरलं. सामर्थ्य मी पाहिलंय. माझे वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं चूल पेटवली, शेजारणीनं दिलेली शिळी भाकरी ताटात ठेवली आणि डोळे मिटून देवाचे आभार मानले. मी लहान होते, मला तिचा रागच आला होता. आभार कसले? पण ती उठली, भाकरी खाल्ली आणि कापूस वेचायला गेली. माइक नव्हता तेव्हा.

आईला मात्र प्रचारकांचं बोलणं लागलं. तिला बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे, दोन वेळा इन्सुलिनची सुई घ्यावी लागते. त्या दिवसांत तिच्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. जालन्याच्या डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सुई चुकली आणि जखम काळी पडली, तर बोट कापावं लागेल. कदाचित पायही." आणि प्रचारकांनी आईला सांगितलं, "मावशी, एकीकडे देवाला हाक मारता आणि दुसरीकडे सुई टोचून घेता, म्हणजे तुमचा विश्वास अर्धाच."

अर्धा! जन्मभर भरलेल्या हंड्यासारखा सांभाळलेला विश्वास, आणि हा माणूस त्याला अर्धा म्हणाला. आईनं सुई बंद केली.

मी रडले, भांडले, जेवण सोडलं. ती ढिम्म. "तू देवाच्या आन् माझ्या मधी येऊन राह्यली," म्हणायची. दिवसभर घटाघटा पाणी प्यायची, बसल्या बसल्या पेंगायची. आठवड्याभरात अंगठ्याच्या कडेला काळसर रेघ दिसायला लागली.

त्या गुरुवारची प्रार्थना आमच्याच घरी होती. प्रचारकांनी ठरवून टाकलं होतं की आई उभी राहून साक्ष देणार, आपण सुई सोडली म्हणून सगळ्यांसमोर सांगणार. एकदा का चारचौघांत तसं बोलून गेली असती, तर माझी आई मरेल पण शब्द मागे घेणार नाही, हे मला ठाऊक होतं. साक्षीच्या आधी साखळी प्रार्थना असते. डोळे मिटून सगळ्यांनी बसायचं, एकानंतर एकानं मोठ्यानं प्रार्थना करायची. एकाची चालू असताना दुसऱ्यानं बिलकुल तोंड घालायचं नाही, फार तर 'होय प्रभू' पुटपुटायचं, आणि प्रत्येकाच्या शेवटी सगळ्यांनी मिळून आमेन, म्हणजे 'तसंच होवो', म्हणायचं. एरवी माझा नंबर आला की मी दोन वाक्यांत आटपते. त्या दिवशी मी पदर खोचूनच बसले होते.

"प्रेमळ पित्या," मी सुरुवात केली, "ज्या डॉक्टरबाई माझ्या आईची जखम धुतात, त्यांच्या हातांसाठी तुझे आभार मानते."

"होय प्रभू," सगळे पुटपुटले.

"ज्या माणसांनी इन्सुलिन शोधलं, त्यांच्यासाठी आभार मानते. त्यांना बुद्धी तूच दिलीस."

"होय प्रभू."

समोर प्रचारकांनी घसा खाकरला. मी आवाज चढवला. "आणि पित्या, सुई म्हणजे अविश्वास असं आम्हाला शिकवणाऱ्या तुझ्या सेवकाला सांभाळ. त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढू देऊ नकोस. ते चष्मा लावतात तरी तू त्यांचा विश्वास पुरा मानतोस, तसाच सुई घेणाऱ्या माझ्या आईचा मान."

कुणीतरी फिस्सकन हसलं. डोळे मात्र कुणी उघडले नाहीत, रीतच नाही तशी. मी थांबले नाही. "मला तिची साक्ष नको, मला ती पाहिजे. तिच्या दोन्ही पायांसकट पाहिजे. आज संध्याकाळची सुई ती घेईल असं कर. तुझ्या पुत्राच्या नावानं मागते."

"आमेन," सगळी खोली म्हणाली. त्यात आईचाही आवाज होता.

डोळे उघडले तर ती पदरानं तोंड पुसत होती. साक्षीला उभी राहा म्हटल्यावर तिनं नुसती नकाराची मान हलवली. पोहे न खाताच निघालेले प्रचारक दारात मला म्हणाले, "बाई, ही प्रार्थना नव्हती, भांडण होतं."

"असेल," मी म्हणाले. "माझ्या बापाशी मी भांडते. तुम्हाला मधे कुणी बोलावलं?"

ते पुन्हा आले नाहीत. आईची जखम भरायला सगळा हिवाळा गेला, पण भरली. सुईनं की प्रार्थनेनं, असं मला विचारणारे आहेत. दोन्हीनं, असं मी त्यांना सांगते, आणि ती दोन वेगळी आहेत असं ज्याला वाटतं त्यानं खुशाल वाद घालायला यावं. मी घरीच असते.

पण त्या संध्याकाळी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. लोक गेले, मी भांडी गोळा केली. आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं आमेन मनापासून म्हटलं की नुसतं सवयीनं, हे विचारायची माझी हिंमत होत नव्हती. मग तीच बोलली.

"आण ती सुई."

मी बघतच राहिले.

"बघती काय? आमेन म्हणून बसले न्हाई का मी? चारचौघांत म्हणलेलं मोडता येतंय व्हय?" तिनं पोटावरचा पदर बाजूला केला. डोळ्यांत राग होता, पाणीही होतं. "पण ध्यानात ठेव. पुढच्या टायमाला माझ्यावर असली प्रार्थना करायची आसंल, तर आधी मला इचारायचं."

"न्हाई इचारणार," मी म्हणाले, आणि सुई टोचली.