मागे नेलेली तारीख
छपाईच्या शाईचा वास आला की मला आमगावची ती प्रेस आठवते, जिथं मी पत्रिकांना घड्या घालायचो. मालकानं नवाकोरा कॉम्प्युटर आणला, पण मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनंच ठेवलं. त्याची मुदत कधीच संपली होती. कॉम्प्युटरची तारीख काही वर्षं मागे नेली तरच ते उघडायचं, म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात कायम जुनं साल दिसायचं. त्या उन्हाळ्यात आमच्या ऑपरेटरचा तरणा मुलगा कोहमाऱ्याजवळ ट्रकखाली गेला, आणि तेरवीची पत्रिका बापालाच टाइप करावी लागली. मुलाच्या नावापाशी त्याचा हात थांबला. मालक मागून वाकला, कोपऱ्यातल्या सालावर बोट ठेवून म्हणाला, "कायले रडून राहिला बे? याच्यात तुझा पोट्टा अजून जिता हाये. चाल, प्रिंट काढ." बाकावरचं एक गिऱ्हाईक हसलं. ऑपरेटरनं प्रिंट काढली. दिवाळीनंतर नवीन सॉफ्टवेअर आलं आणि मालक तारीख आजची करायला बसला, तेव्हा ऑपरेटर मागं उभा राहून हळूच म्हणाला, "मालक, तारीख तशीच राहू द्या ना." मालकानं वळूनही न बघता माऊस दाबला. अजूनही कुठल्या कॉम्प्युटरची तारीख मागे पडलेली दिसली, तर मी ती दुरुस्त करत नाही.