भुशाच्या शेगडीवरची कोंबडी

नातसूनबाई मंद आचेच्या कुकरमध्ये कोंबडीचा पास्ता करते, आणि त्या वासाने मला आमची लालबागची खोली आठवते. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला निघताना बायकोने नारळाच्या रसातली कोंबडी भुशाच्या शेगडीवर ठेवली आणि बजावलं, “मोर्चातल्या सगळ्या बायका जेवायला येतील. झाकण उघडू नका हां!” मीठ बघायला म्हणून मी ते उघडलं आणि निम्मे तुकडे संपवले. मग घाबरून डब्यातल्या सगळ्या शेवया रश्श्यात ओतल्या. बायका बोटं चाटत म्हणाल्या, “शेवया कुणी घातल्यान गो?” “ह्यांनी!” बायको लाजली, पण पातेलं ढवळताना तुकडे कमी दिसले तशी पुटपुटली, “कोंबडीवाल्याने फसवलंन मेल्याने.” त्याच्याशी भांडून तिने ते दुकान कायमचं सोडलं. आज बायको पास्त्यात तुकडे शोधते आहे, म्हणून सांगूनच टाकतो: त्या बिचाऱ्याची कोंबडी चांगली गुबगुबीत होती.