नारूचा दोरा

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. मी नर्सिंग शिकून चाकणजवळच्या माझ्याच गावात नर्सबाई म्हणून परतले. पुण्यात आम्हाला शिकवलं होतं की माणूस एकटा आजारी नसतो. त्याचं घर, त्याची आळी, त्याचा पाणवठा, सगळं मिळून एक रोगी. ऐकायला सोपं होतं. माझ्या गावाचा रोग पाटलाच्या पायऱ्यांच्या विहिरीत होता, आणि पाटलाचं नाव निघालं तरी माझं डोकं फिरायचं.

विहिरीत उतरून पाय धुवायचे नि मगच त्याच्या ओसरीवर चढायचं, हा त्या घरचा रिवाज. पाहुणा असो की गडी. पायात नारू, म्हणजे दोऱ्यासारखा लांब जंत, असला की त्याची पिल्लं जखमेतून पाण्यात सुटायची आणि तेच पाणी गाव प्यायचं. वर्षभरानं कुणाच्या तरी पायातून पांढरा दोरा बाहेर यायचा.

माझ्या आईच्या पायातूनही आला होता. ती पाटलाच्या शेतात खुरपत होती. काम अडतंय म्हणून पाटलानं तो हिसका मारून ओढला. नारू आत तुटला, पाय सडला, त्यातच आई गेली.

मी पायऱ्या बुजवायला सांगितल्या तेव्हा पाटील हसला. "आज्यानं बांधल्यात त्या. तू कोन सांगनार?"

पुढच्या उन्हाळ्यात त्याच्याच पोटरीतून दोरा डोकावला. मला बोलावणं आलं. नारू काडीला गुंडाळून रोज थोडा थोडाच काढायचा असतो.

"बाई, दमानं. लई ठणकतंय."

काडी माझ्या बोटांत होती. एक हिसका पुरे होता. हात नुसते शिवशिवत होते.

"माझ्या आईचा तुम्हीच ओढला होता," मी म्हणाले. "आठवतंय?"

त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "तू तिची व्हय?" त्याचा हात माझ्या बोटांतल्या काडीकडे गेला.

मी काडीला हलकेच एक वेढा दिला, पट्टी बांधली. "पायऱ्यांचं काय?" त्यानं तोंड फिरवलं. मग मी रोज जायची, कामात कसूर करायची नाही, आणि वेढा देताना आईची हकीकत पहिल्यापासून सांगायची, ओसरीवर बसलेल्या सगळ्यांच्या देखत. त्याला उठून जाता येत नव्हतं. त्याच्या सुना पदराआडून ऐकायच्या. शेवटी एके सकाळी तो गड्यांवर ओरडला, "बुजवा त्या पायऱ्या! पन हिचं तोंड बंद करा."

पायऱ्या दगडांनी भरल्या, वर कठडा बांधला, रहाट बसला. पाटलाचा पाय बरा झाला. आळीतल्या बायका म्हणाल्या, पोरीचं मन केवढं मोठं!

मन मोठं कसलं! मला त्याचे पाय धड हवे होते. त्यानं रोज स्वतःच्या पायांनी विहिरीवर चालत यावं आणि आज्याच्या पायऱ्यांच्या जागी दगड बघावेत. तो यायचा. मीही नेमकी त्याच वेळी घागर घेऊन जायची.