सेक्रेटरी म्हणाले, आणि पुढे काहीच नाही

करंजाड्यातल्या एका मोठ्या सोसायटीसाठी मी तक्रारींचं ॲप बनवलं होतं. आमची कंपनी म्हणजे नवीन पनवेलला मिठाईच्या दुकानावरच्या दोन खोल्या, पण माझ्या कार्डावर ‘सीनियर आर्किटेक्ट’ असं छापलं होतं.

एका दुपारी त्या सोसायटीत राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका थेट ऑफिसात आल्या आणि त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यांची तक्रार अशी दिसत होती: लिफ्ट तीन आठवडे बंद आहे. विचारलं तर सेक्रेटरी म्हणाले,

पुढे काही नाही. खाली सेक्रेटरींचा शेरा: तक्रार अपूर्ण, निकाली.

“‘जिना कशाला बांधलाय?’ असं म्हणाले ते,” बाई म्हणाल्या. “मी चार वेळा लिहिलं. चारही वेळा तुमच्या ॲपनं ते गिळलं.”

“बाई, तुम्ही स्पेशल कॅरेक्टर वापरलंत,” मी गंभीरपणे सांगितलं.

“अवतरणचिन्ह? ते मी पाचवीच्या पोरांना शिकवायचे.”

चूक माझीच होती. मजकूर कुठे संपला हे संगणकाला अवतरणचिन्हावरून कळतं. मजकुरातच ते चिन्ह आलं, तर त्याच्याआधी एक उलटी तिरकी रेघ द्यायची असते, म्हणजे तो तिथे थांबत नाही. शिकाऊ मुलांच्या मुलाखतीत मी हाच प्रश्न विचारून लोकांना नापास करायचो.

आमच्या सरांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, यावर तोडगा सुचवला. “नोटीस टाक. तक्रारीत अवतरणचिन्हं वापरू नयेत.”

“मग सेक्रेटरी काय म्हणाले ते लिहायचं कसं?” बाईंनी विचारलं.

“लिहायलाच कशाला पाहिजे?” सर म्हणाले.

बाई उठल्या नाहीत. समोर बसून त्यांनी माझ्याकडून ती रेघ घालून घेतली. मजकूर साठवताना शाबूत राहिला होता, तो फक्त दाखवताना तुटत होता. त्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीच्या जुन्या तक्रारी पूर्ण दिसू लागल्या. सेक्रेटरी कुणाला काय म्हणाले होते, ते तीनशे घरांनी वाचलं. पार्किंगवरून एका म्हाताऱ्या गृहस्थांना ते जे बोलले होते, ते मला इथे लिहवत नाही.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा सरांना फोन आला. आधीचं ॲप जास्त चांगलं होतं, ते परत मिळेल का?

सरांनी खरंच मला विचारलं. “टेक्निकली शक्य नाही,” मी म्हणालो. आयुष्यभर आळसापायी मारलेली ही थाप त्या दिवशी मी पहिल्यांदा शुद्ध हेतूनं मारली.

लिफ्ट त्याच आठवड्यात चालू झाली.