पहिला आकडा

दर रविवारी सकाळी मी मोबाइलवरच्या एका ग्रुपवर पाच लिंका टाकायचो. ग्रुपचं नाव 'वाचण्यासारखं'. प्रोग्रामिंग, नवं तंत्रज्ञान, कुणाची कंपनी कशी उभी राहिली आणि कशी बुडाली, असलं सगळं. प्रत्येक लिंकेखाली माझं चार ओळींचं भाष्य असायचं. पुण्यातल्या कंपनीचं काम हिंगणघाटला घरी बसून करायचो, त्यामुळे वेळ भरपूर होता, आणि शहाणपण तर उतू चाललं होतं. ग्रुपात इंजिनिअर होते, कॉलेजचे मास्तर होते, मोबाइल दुरुस्त करणारा एक दुकानदार होता. सगळे म्हणायचे, तुझ्यामुळे चांगलं वाचायला मिळतं. मला ते फार आवडायचं. एवढं आवडायला नको होतं.

माझे वडील जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचे ग्रेडर होते. गाडीतून मूठभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढायचा आणि त्याची लांबी मिलिमीटरमध्ये तोंडी सांगायची. त्या आकड्यावर भाव ठरायचा. वडनेरहून येणारे शेतकरी गाडी उभी करून आधी विचारायचे, काका आहेत ना आज?

अशात एका नव्या कंपनीबद्दल मी वाचलं. त्यांना मोबाइलच्या कॅमेऱ्यानं कापूस पारखायचा होता आणि त्यासाठी अनुभवी माणसाने पारखलेले हजारो नमुने हवे होते. मी लगेच त्यांना कळवलं, असा माणूस माझ्या घरात आहे. वडील तयार नव्हते. "मशीनले शिकवून मले काय भेटणार हाय?" म्हणाले. मी म्हटलं, बाबा, तुमचा हात कायम राहील. दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून माझ्याआधी जिनिंगच्या यार्डात जाऊन उभे राहिले.

पूर्ण हंगामभर आम्ही ते केलं. वडील धागा ओढायचे, आकडा बोलायचे, मी फोटो काढून आकडा भरायचो आणि पुढच्या गाडीकडे धावायचो. मागे शेतकऱ्याचं आणि वडिलांचं काहीतरी बोलणं चालू राहायचं. मी कधी थांबून ऐकलं नाही.

मग मी एक लेख लिहिला. बापाचा अंगठा यंत्रात कसा उतरला, याच्यावर. तो इतका फिरला की परदेशातून लोकांची पत्रं आली. वडिलांचा फोटो होता त्यात. त्यांनी तो लेख छापून घेतला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला.

पुढच्या हंगामात यार्डात ग्रेडरऐवजी मोबाइल आला. दिवाळी झाल्यावर एकदा वडील यार्डात चक्कर मारून दुपारीच घरी परतले आणि उभ्याउभ्याच मला म्हणाले, "सगळ्याईले एक आकडा कमी सांगून राह्यला तुया मोबाइल. तू कोनता आकडा भरला होता?"

"तुम्ही बोलायचे तो."

"पयला का दुसरा?"

मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं. आमच्याकडची रीत अशी, की ग्रेडर पहिला आकडा एकानं कमीच बोलतो. तो शेजारी उभ्या असलेल्या व्यापाऱ्यासाठी. शेतकरी म्हणतो, काका, नीट पाहा ना. मग ग्रेडर गाडीत खोल हात घालून दुसरी मूठ काढतो आणि खरा आकडा सांगतो. व्यापाऱ्याचा मान राहतो, शेतकऱ्याचा हक्क राहतो. एकोणतीस म्हणजे तीस, हे यार्डातल्या चहावाल्यालाही ठाऊक होतं. मी ग्रेडरचा मुलगा, जिनिंगच्या भोंग्यावर वाढलेला, आणि हंगामभर पहिलाच आकडा भरत गेलो.

"तुले हे माहीत नसन, असं मले वाटलंच नाई," वडील म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

चुकीचा आकडा भरला की यंत्र चूकच शिकतं, यावर मी स्वतः तीन लिंका पाठवल्या होत्या. खाली भाष्यही केलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

कंपनीला फोन केला. तिकडचा मुलगा फार गोड बोलला. यंत्र तुमच्या वडिलांशी तंतोतंत जुळतं सर, म्हणाला. आमच्या ग्राहकांची काही तक्रार नाही. ग्राहक म्हणजे व्यापारी. त्यांची कशाला तक्रार असेल! मोबाइलला 'नीट पाहा ना' म्हणता येत नाही, यातच त्यांचा फायदा होता. मला त्या मुलाचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

मी दुसरा लेख लिहिला, सगळी चूक कबूल करून. वरातीमागून घोडं. ग्रुपात अंगठे आले. एकानं लिहिलं, 'फारच रंजक!' मी ग्रुप बंद केला. पहिला लेख अजून फिरतो आहे, वडिलांच्या फोटोसकट. यार्डात सगळ्यांना माहीत आहे की मोबाइलला कुणी शिकवलं.

मागच्या महिन्यात वडनेरचा एक जुना ओळखीचा शेतकरी घरी आला. मोबाइलचा भरवसा वाटेना म्हणून पिशवीत कापूस घेऊन आला होता. वडिलांनी खुर्ची उजेडात ओढली, धागा ओढला, बराच वेळ पाहिला. त्यांनी ठरवलं होतं बहुतेक, की आता पहिलाच आकडा खरा सांगायचा.

"एकोणतीस."

शेतकरी हसला. "काका, नीट पाहा ना."

"नीटच पाह्यलं. एकोणतीसच हाय."

त्याचं हसू गेलं. त्याने दुसऱ्या मुठीसाठी पिशवीचं तोंड उघडं धरलं. वडिलांनी हात पुढे केला नाही. मग त्याने कापूस पिशवीत कोंबला आणि दारातून म्हणाला, "तुमीबी आता मोबाइलवानीच बोलून राह्यले, काका."

वडील अंगठ्याला चिकटलेले धागे काढत बसले. मी समोरच होतो, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.