निळी दांडी

“रिकाम्या सीटवर गाडी बांधायची नसते,” असं वळणमास्तर एकदा म्हणाले होते. त्यांच्या मुलीनं ते लहानपणीच मनाशी गाठ मारून ठेवलं.

वळणमास्तर हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. जुन्या, बुटक्या, दोनच सीटच्या पळणाऱ्या गाड्यांचं वेड असलेली माणसं थोडी असतात. या थोड्यांपैकी ज्याची गाडी वळणावर नीट वागत नसे, तो फिरून फिरून त्यांच्याच गॅरेजात येई. मास्तर इंजिनाला हात लावत नसत. रंगाशी, चकाकीशी त्यांना देणंघेणं नव्हतं. गाडी वळताना किती कलते, कुठे रस्त्यावरची पकड सोडते, एवढंच त्यांचं जग. कुणीतरी थट्टेनं वळणमास्तर म्हटलं आणि ते चिकटलं.

“शाळेतले मास्तर पोरांना वळण लावतात, हे गाड्यांना लावतात,” त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. “घरातली मात्र होती तशीच राहिली.”

मास्तर हसत नसत, पण त्यांचा डावा खांदा थोडा हले. हा खांदा उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली होता. वर्षानुवर्षं गाडीखाली एका अंगावर निजून तो तसा झाला होता. त्यावरूनही बायको सोडत नसे. “जगाच्या गाड्या सरळ करता, स्वतःची कधी करणार?”

गॅरेजच्या आतल्या भिंतीवर खिळ्यांना पोलादी दांड्या टांगलेल्या असत, दोन्ही टोकांना वाकवलेल्या. यातली एक दांडी गाडीच्या पोटाखाली, पुढे किंवा मागे, आडवी बसते आणि डाव्या चाकाला उजव्या चाकाशी बांधून ठेवते. वळणावर गाडी एका अंगावर झुकू लागली की दांडीला पीळ पडतो आणि ती गाडीला ओढून सरळ करते. जाड दांडी जोरात ओढते, बारीक दांडी हळू. पण जाड दांडीचा एक दोष असतो. एक चाक खड्ड्यात गेलं की त्याचा हिसका दुसऱ्यालाही बसतो. एकत्र बांधलेल्यांचं ते असतंच. मास्तरांनी दांड्यांच्या टोकांना रंगाचे पट्टे ओढले होते. लाल म्हणजे जाड, निळी मधली, पिवळी बारीक.

एकदा एक कापडवाला आला. त्यानं नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती आणि तो हवेत होता.

“मास्तर, सगळ्यात जाड टाका. पुढे पण, मागे पण.”

“टाकतो. पण पुढची फार जाड केली तर गाडी वळायचं नाव घेत नाही. आणि मागची फार जाड केली तर नाव न घेता वळते.”

“म्हणजे काय होतं?”

“तुम्ही पुढे बघत असता आणि गाडी मागे.”

कापडवाला विचारात पडला. “मग कुठली टाकायची?”

“शेजारी कोण बसणार, ते सांगा आधी.”

“त्याचा काय संबंध?”

“सगळा संबंध तोच.”

“सासूबाई बसतील बहुतेक. त्यांना हौस आहे.”

“मग पिवळी. हिसके नकोत.”

कापडवाल्यानं भिंतीकडे पाहिलं. “सासूबाई आहेत, मास्तर. लालच टाका.”

कोपऱ्यात बाकावर बसलेली मास्तरांची बायको इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मुलीला तो दिवस अजून आठवतो. ती तेव्हा शाळेतून येऊन बापाच्या हाताशी पाने-पकडी देत बसे. तो तिला बारकी म्हणे, आणि ती मोठी होऊन त्याच्याच गॅरेजात चाकं जुळवायला लागली तरी बारकीच राहिली.

दांडी निवडणं हा अर्धा भाग. खरं काम पुढे. दांडीची दोन टोकं चाकांकडच्या कड्यांना बोल्टनं बांधायची असतात, आणि ती बांधताना गाडीत माणसं बसलेली हवीत. माणूस बसला की गाडी त्याच्या बाजूला किंचित दबते. रिकाम्या गाडीला दांडी बांधली आणि मग माणसं बसली, तर दांडी उभ्या जागीच पीळ खाते आणि तो पीळ घेऊनच जन्मभर फिरते. मग डावं वळण एक होतं आणि उजवं दुसरंच. बांधणं बरोबर असेल तर बोल्ट दोन बोटांनी आत सरकतो. हातोडी नको, जोर नको. “घरचं माणूस येतं तसा आला पाहिजे,” मास्तर म्हणत, “दार न वाजवता.”

मास्तर स्वतः गाडीखाली, तेव्हा ड्रायव्हरच्या जागी त्यांच्या वजनाची वाळूची गोणी ठेवायची आणि शेजारच्या सीटवर बायकोनं बसायचं, अशी रीत पडली होती. गिऱ्हाइकांच्या गाड्यांनाही तीच बसे. मांडीवर विणकाम घेऊन ती गोणीशी बोले. “यांना म्हटलं छत गळतंय, तर ऐकलं नाही. तुम्ही तरी ऐकता बाई शांतपणे.” गाडीखालून मास्तरांचा आवाज येई, “हलू नकोस.” ती गोणीला म्हणे, “बघितलंत? हा असा स्वभाव.”

त्यांची स्वतःची गाडी हिरवी होती. भंगारातून आणलेली, बारकीपेक्षा वयानं मोठी. पहिल्यांदा तिला दांडीच नव्हती. नवराबायको डोंगराच्या रस्त्यानं फिरायला गेले आणि तिसऱ्या वळणावर बायकोच्या पोटात ढवळलं. तिला गाडी लागे, हे मास्तरांना लग्नानंतर कळलं होतं. त्याआधी ते फक्त सायकलवरून फिरले होते. मास्तरांनी लाल दांडी टाकली. गाडी टेबलासारखी सपाट वळू लागली. “पोट जागेवर राहिलं,” बायको म्हणाली, “दात हलले.” मग निळी आली. निळी बांधून ते पुन्हा त्याच रस्त्याला गेले, आणि त्याच तिसऱ्या वळणावर तिची मान कलली. मास्तरांनी गाडी कडेला घेतली. पाहिलं तर ती झोपली होती. तोंड उघडं होतं, बारीक घोरत होती.

मास्तरांना आयुष्यात कुणी बक्षीस दिलं नाही. पण ही गोष्ट ते अशी सांगत की जणू मिळालं होतं.

निळी दांडी त्या गाडीखाली कितीतरी वर्षं राहिली.

मग बायकोच्या पाठीच्या मणक्यांत दुखणं शिरलं. आधी कळ, मग आजार, मग आजाराचं मोठं नाव. हॉस्पिटलला जाताना रस्त्यातला प्रत्येक खड्डा तिच्या चेहऱ्यावर दिसे. ती दाराची कड घट्ट धरून बसे. एका सकाळी बारकीनं पाहिलं, बाबांनी निळी काढून पिवळी बांधली होती. काही महिन्यांनी पिवळीही भिंतीवर गेली. गाडीखाली आता काहीच नव्हतं. वळणावर ती होडीसारखी झुके आणि मास्तर तिला चालत्या माणसाच्या वेगानं नेत. मागच्या गाड्या भोंगे वाजवत. ज्यानं उभं आयुष्य गाड्यांना झुकू दिलं नाही, तो मान खाली घालून झुकत झुकत जाई, आणि शेजारी बायको डोळे मिटून म्हणे, “आज नाही दुखलं.” शेवटी शेवटी तिला पलंगावरून उचलून जिन्यानं खाली गाडीपर्यंत तेच आणत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

ती गेल्यावर गाडीवर ताडपत्री पडली. मास्तर गॅरेजात यायचे थांबले. घर गॅरेजच्या वरच होतं, जिना उतरला की काम. पण तो जिना त्यांना उतरवेना. ते खिडकीशी बसत. चहा निवे. बारकी वर येऊन सांगे, अमक्याची गाडी आली आहे, वळणावर मागचा भाग बाहेर फेकते आहे, काय करू. ते म्हणत, “तुला कळतं.” विषय संपे.

बारकीच्या मनात एकच गोष्ट घर करून होती. बाबा पुन्हा त्या हिरव्या गाडीत स्टिअरिंगमागे बसले, तर ते वाचतील. नाहीतर असेच खिडकीशी निवत जातील. पण दांडी नसलेली गाडी त्यांनी चालवली ती फक्त आईसाठी, आता चालवणार नाहीत, आणि हिरवीची दांडी त्यांच्याशिवाय बांधायचीही नाही. म्हणून तिनं हळूहळू विषय काढला.

“बाबा, हिरवीला कुठली दांडी टाकू?”

“बघू.”

“लाल टाकू?”

“बघू म्हटलं ना.”

आठवडे गेले. शेवटी तिनं स्वतःच ठरवलं. ताडपत्री काढली, टायरांत हवा भरली आणि निळी दांडी खाली बसवली. फक्त टोकांचे बोल्ट घालायचे ठेवले. ते बाबांचं काम. मग वाळू आणली. बाबांची जुनी गोणी होतीच. आईची दुसरी भरायची होती, आणि आईचं वजन तिला पाठ होतं. गॅरेजातल्या भंगाराच्या काट्यावर आई उभी राही, आकडा बघे आणि म्हणे, “या काट्याला गंज चढलाय.” बारकीनं त्याच काट्यावर वाळू तोलली, गोणीचं तोंड शिवलं, आणि आपण काही फार चांगलं करतो आहोत असं तिला वाटलं. रिकाम्या सीटवर बांधायची नसते, तर सीट रिकामी राहणार नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर ती वर गेली. “निळी टाकली आहे. नुसते बोल्ट राहिलेत. मला दोन बोटांनी जाईनात.”

हे खोटं होतं. तिनं बोल्टला हात लावला नव्हता. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग उठले आणि कठड्याला धरून जिना उतरले.

गॅरेजात ते गाडीभोवती एक फेरी फिरले. वाकून खाली पाहिलं. निळा पट्टा दिसला असणार. मग गोण्यांपाशी आले. पहिली ड्रायव्हरच्या जागी ठेवलेली होती, ती हलवून बघितली.

“हा मी?”

“हो.”

“जाड आहे.”

बारकीला हसू आलं. खूप दिवसांनी बाबांनी असं काही म्हटलं होतं. जमलं, तिच्या मनात आलं.

मास्तर दुसऱ्या, जमिनीवरच्या गोणीकडे वळले. ती कोणाची, हे त्यांनी विचारलं नाही. एक हात खालून, एक हात पाठीमागून घातला आणि उचलली. दोन पावलं टाकली आणि थांबले.

“हे कधीचं वजन?”

बारकीला आधी प्रश्नच कळला नाही. “बरी होती तेव्हाचं. काट्यावर...” आणि मग कळला.

मास्तरांनी गोणी खाली ठेवली. खिशातल्या चाकूनं तोंडाची शिवण उसवली. ओंजळीनं वाळू काढून जमिनीवर टाकायला लागले. थोडी काढत, गोणी तशीच दोन्ही हातांवर उचलत, क्षणभर थांबत, पुन्हा खाली ठेवत. काट्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. फरशीवर वाळूचा ढीग वाढत गेला. बारकीला वाटलं, आता थांबतील. ते थांबले नाहीत. गोणी इतकी हलकी झाली की तिचा कापडी वरचा भाग मास्तरांच्या खांद्यावर लोळू लागला. तेव्हा ते उचलून उभे राहिले ते उभेच राहिले. खालच्या खांद्यावर गोणीचं टोक, कोपरात तिचा मधला भाग. आईला घेऊन जिन्यावरून उतरताना ते असेच उभे राहत, पुढची पायरी दिसेपर्यंत.

बारकी मध्ये गेली नाही.

मग त्यांनी ती गोणी सीटवर ठेवली नाही. कोपऱ्यातल्या बाकापाशी गेले, आई विणत बसे त्या जागी ती भिंतीला टेकवून ठेवली. परत येऊन ड्रायव्हरच्या जागेवरची स्वतःची गोणीही ओढून काढली. ती मात्र नुसती जमिनीवर टाकली. आणि पाने घेऊन गाडीखाली शिरले.

बराच वेळ खालून फक्त पान्याचा आवाज येत होता. मग निळी दांडी बाहेर आली. मास्तरांनी ती फडक्यानं टोकापासून टोकापर्यंत पुसली आणि तिच्या खिळ्याला टांगली. हात लाल पट्ट्याकडे गेला.

“बाबा, आईला लाल आवडायची नाही.”

“तू जोरात चालवतेस,” मास्तर म्हणाले.

लाल बसवून झाल्यावर ते गाडीच्या दाराशी आले. “बस.”

बारकी सवयीनं शेजारच्या सीटकडे वळली. लहानपणी आई आजारीबिजारी असली की तीच तिथे बसायची. मास्तरांनी मान हलवली आणि स्टिअरिंगकडे बोट केलं.

“मी? पण तुम्ही चालवणार ना. तुमच्या वजनानं...”

ते पुन्हा गाडीखाली शिरले. ती बसली. शेजारी कुणी नव्हतं. सीटच्या चामड्यावर आईच्या बसण्याचा खळगा तेवढा होता. “बाबा, रिकाम्या सीटवर—”

“पाय ब्रेकवर नको ठेवू,” खालून आवाज आला. “रोज बसतेस तशी बस.”

ती तशी बसायचा प्रयत्न करू लागली. खाली कडी थोडी फिरली, पुन्हा थोडी फिरली. बाबा तिच्या वजनाचं माप घेत होते, तिच्या एकटीच्या. तिनं वाळू आणली होती ती त्यांना गाडीत बसवायला. ते स्वतःला गाडीतून काढून घेत होते. ओरडून सांगावंसं वाटलं, थांबा, मला नको आहे ही. पण हलायचं नसतं हे अंगवळणी पडलेलं होतं, आणि ती हलली नाही. एक बोल्ट सरकल्याचा आवाज झाला. मग दुसरा. हातोडीचा आवाज आला नाही.

मास्तर बाहेर आले. भिंतीवरच्या नळाखाली हात धुतले, साबण दोनदा लावला, फडक्याला पुसले. खिशातून गाडीची किल्ली काढली आणि शेजारच्या सीटवर, त्या खळग्यात ठेवली.

बारकी स्टिअरिंग धरून बसून राहिली. वाळूच्या ढिगाला पाय लागू नये म्हणून मास्तर थोडं वळसा घालून गेले, जिन्याकडे न वळता, उघड्या दारातून, एक खांदा खाली टाकून, आई गेल्यापासून पहिल्यांदाच, रस्त्यावर.